पहिला भूकंप बरोबर, दुसऱ्यापासून गडबड : एका जुन्या फोर्ट्रान प्रोग्रामचे प्रकरण

प्रोग्राम भूकंपाचे ठिकाण काढणारा. निरनिराळ्या केंद्रांवर लहरी किती वाजता पोचल्या त्या वेळा त्याला द्यायच्या. तो आधी एक ठिकाण गृहीत धरतो, तिथून प्रत्येक केंद्रापर्यंत लहरीला किती वेळ लागला असता ते मोजतो, नोंदलेल्या वेळेशी ताडून बघतो आणि फरक कमी होईल अशा बाजूला ठिकाण सरकवतो. ठिकाण सरकायचे थांबेपर्यंत हेच चालू. लुडविग गायगर यांनी १९१० साली मांडलेली ही रीत. आजही बरेच प्रोग्राम आतून हेच करतात. आमच्या हाती आलेला कोड फोर्ट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला, अकराएक हजार ओळींचा, सोबत सी भाषेतल्या तीन फाइली. शेवटचा बदल २००३ मधला. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही आणि लिहिणाऱ्याला विचारण्याची सोयही नाही.

तो चालवायचा होता डेबियन १२ या लिनक्सवर: ६४ बिट यंत्र, जीसीसी १२.२ (कंपायलर, म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्राम बनवणारा), जीलिबसी २.३६ (सीची मूळ लायब्ररी). काम एका संशोधक विद्यार्थिनीचे. मी विभागातली यंत्रे सांभाळतो, त्यामुळे असली भुते माझ्या दारात येतात.

टारबॉलमध्ये, म्हणजे सगळे एकत्र बांधून दिलेल्या फाइलमध्ये, चार फोल्डर होते: सोर्स, डेटा, चाचणी आणि बिन. चाचणी फोल्डरात बारा भूकंपांच्या नोंदी आणि त्यांची अपेक्षित उत्तरे होती. या फोल्डरानेच पुढे वाचवले. तो नसता तर प्रोग्राम दुसऱ्याच दिवशी ‘बसला’ असे मी जाहीर केले असते आणि तिने चुकीच्या आकड्यांवर प्रबंध लिहिला असता.

समोर असलेली, तरी नसलेली फाइल

बिन फोल्डरात तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम, होती. तिने आधी तीच चालवून पाहिली, हे योग्यच.

“सर, फाइल समोर दिसतेय, परवानगी पण दिलीय, तरी म्हणतोय अशी फाइलच नाही.”

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश इथे भलत्याच फाइलबद्दल असतो. बायनरी सुरू करताना कर्नल (सिस्टीमचा गाभा) तिच्या पोटात लिहिलेला लोडरचा, म्हणजे तिला लायब्ररींसकट मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता वाचतो. ३२ बिट बायनरीला लागणारा लोडर म्हणजे लिब फोल्डरातली ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’. निव्वळ ६४ बिट यंत्रावर ती नसते. नाही ती लोडरची फाइल, पण शेल नाव छापते तुमच्या प्रोग्रामचे. त्यात लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारे ‘एलडीडी’ चालवले की ते म्हणते ही डायनॅमिक बायनरीच नाही, म्हणजे गोंधळात भर. अशा वेळी एलडीडीच्या नादी न लागता ‘फाइल’ ही कमांड चालवावी: बायनरी ३२ बिटची आहे हे ती पहिल्याच ओळीत सांगते, लोडरचा पत्ताही देते.

डेबियनमध्ये आय३८६ आर्किटेक्चर जोडले, पॅकेजची यादी ताजी केली, त्या आर्किटेक्चरचे ‘लिबसी६’ घातले. पुढची तक्रार आली: ‘लिबजी२सी.एसओ.०’ सापडत नाही. ही जी७७ या जुन्या कंपायलरची सोबतीण. २००५ मध्ये जीसीसी ४.० आले तेव्हा जी७७ गेला आणि त्याच्या जागी जीफोर्ट्रान आला. लायब्ररीही त्याच्याबरोबर गेली. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांचे संग्रह अजून जागेवर आहेत. तिथून डेबियन ४.० मधले पॅकेज उतरवले, पण इन्स्टॉल केले नाही. ‘डीपीकेजी-डेब’ने एका खासगी फोल्डरात नुसते उलगडले आणि ‘एलडी लायब्ररी पाथ’ त्या एका रनपुरता तिकडे वळवला. जुनी लायब्ररी उचलून सिस्टीमच्या लिब फोल्डरात टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो ऐकू नये. आज चालेल, आणि सहा महिन्यांनी भलताच प्रोग्राम पडेल तेव्हा कारण कोणालाच आठवणार नाही.

चाचणीची स्क्रिप्ट सी शेलमधली होती, म्हणून ‘टीसीएसएच’ घातले. बारा भूकंप झाले. अपेक्षित उत्तरांशी फरक दाखवणारा ‘डिफ’ लावला: एका ओळीचाही फरक नाही.

तिला वाटले काम झाले. मलाही आवडले असते. पण बायनरीत केंद्रांची कमाल संख्या ६० अशी पक्की बसवलेली होती आणि तिच्या जाळ्यात १४० केंद्रे. सोर्समधला आकडा वाढवून नव्याने कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नव्हते. तरीही ही बायनरी चालली हे फार मोलाचे ठरले. आता आमच्याकडे एक साक्षीदार होता. नवा प्रोग्राम काहीही म्हणो, जुन्याला विचारता येत होते.

(सोर्स हाताशी नसते तर जुन्या डिस्ट्रिब्युशनचा कंटेनर हा एकच मार्ग उरला असता. त्यात एक खाच आहे. २००५ ते २०१० च्या सुमाराची ६४ बिट डिस्ट्रिब्युशन नव्या कर्नलवर उघडली की शेलसुद्धा सेगफॉल्ट होऊन, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने, मरते. त्या काळचे जीलिबसी वेळ विचारण्यासाठी ‘व्हीसिसकॉल’ची जुनी जागा वापरते आणि पुष्कळ नव्या कर्नलांत ती बंद असते. बूट करताना ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ द्यावे लागते. ३२ बिट बायनरीला ही अडचण येत नाही.)

मेकफाइलमधली ती ओळ

मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा कंपाइल करायचा ते सांगणारी फाइल, उघडली. कंपायलर जी७७. त्याखाली फ्लॅगची (कंपायलरला द्यायच्या सूचनांची) एक ओळ, चार फ्लॅगची: साधे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणे), ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’, ‘एफ-इनिट-लोकल-झीरो’ आणि ‘एफ-नो-ग्लोबल्स’. मी जी७७ खोडून जीफोर्ट्रान लिहिले आणि मेक दाबले. जीफोर्ट्रान म्हणाला, ‘एफ-नो-ग्लोबल्स’ नावाचा फ्लॅग मला माहीत नाही.

इथे मी आख्खी ओळच पुसली आणि ‘ओ-२’, म्हणजे ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी, लिहिले. घाई, दुसरे काय. त्या काळचे काहीबाही असेल, आता कशाला हवे, असा विचार. पुढचे तीन दिवस या एका कृतीची किंमत मोजण्यात गेले.

त्यानंतर एररचा पाऊस पडला. ‘टाइप मिसमॅच’: एकाच सबरूटीनला (कोडमधल्या स्वतंत्र तुकड्याला) एका ठिकाणी पूर्णांकांचा ॲरे दिलाय, दुसऱ्या ठिकाणी दशांशांचा. जीसीसी १० पासून (२०२०) जीफोर्ट्रान याला एरर मानतो. त्याआधी हाच कोड गुपचूप कंपाइल व्हायचा. ‘एफ-अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ दिला की एररची वॉर्निंग होते. दिला. एकतीस वॉर्निंग एका फाइलमध्ये साठवल्या, नंतर वाचू म्हणून. नंतर म्हणजे कधी, हे अर्थातच ठरवले नाही.

सीच्या बाजूला दोन किरकोळ गोष्टी निघाल्या. एका हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता व्हेरिएबल जाहीर केलेले होते, त्यामुळे लिंक करताना तेच नाव तिन्ही फाइलींत सापडले आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ आले. हाही जीसीसी १० चाच बदल. ‘एफ-कॉमन’ देऊन भागते, मी हेडरच सुधारले. दुसरी गोष्ट अंडरस्कोरची. नावात आधीच अंडरस्कोर असेल तर जी७७ शेवटी दोन अंडरस्कोर जोडायचा, जीफोर्ट्रान एकच जोडतो. सीमधली नावे दोनवाली, म्हणून लिंकरला ती सापडेनात. यासाठीही फ्लॅग आहे, ‘एफ-सेकंड-अंडरस्कोर’. पण तो लावला की बाहेरच्या लायब्ररींमधली नावेही दोन अंडरस्कोरने शोधली जातात आणि नवी डोकेदुखी सुरू होते. सीमधली पाच नावे हाताने बदलणे सोपे पडले.

लिंक झाले. चालवले. काहीही न छापता सेगफॉल्ट.

प्रोग्राम आतून तपासणाऱ्या जीडीबीत पाहिले. सीमधले एक फंक्शन केंद्रांच्या यादीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देते. हाका मारणाऱ्या फाइलमध्ये त्याचा प्रोटोटाइपच (ते काय घेते, काय परत देते याची जाहीर ओळ) नाही. प्रोटोटाइप नसला की जुने सी गृहीत धरते, फंक्शन पूर्णांक परत देते. ३२ बिटच्या जगात पूर्णांक आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे, म्हणून कोणाचेच बिघडले नाही. ६४ बिटमध्ये पॉइंटर आठ बाइटचा. त्याचे वरचे चार बाइट कापले गेले. जीडीबीत हे डोळ्यांना दिसते: बाकीचे पत्ते बारा हेक्स अंकांचे, आणि हा एकटा आठ अंकांवर तुटलेला. हेडरमध्ये एक ओळ घातली की प्रश्न मिटतो. जीसीसी १२ ने याबद्दल वॉर्निंग दिलीही होती, बाकीच्या गर्दीत मी ती पाहिली नाही. जीसीसी १४ (२०२४) पासून ही थेट एरर आहे. नव्या कंपायलरांच्या कडकपणाबद्दल लोक कुरकुरतात. मी त्या दिवसापासून सोडले.

पहिला बरोबर

आता प्रोग्राम शेवटपर्यंत चालला. उत्तरे आली. तिने ‘डिफ’ लावला आणि मला बोलावले.

पहिला भूकंप अपेक्षेबरहुकूम. अक्षांश, रेखांश, खोली, सगळे. दुसऱ्यापासून वाट लागलेली: काही ठिकाणे शेकडो किलोमीटर दूर, वेळेतले फरक शेकडो सेकंदांचे, दोन भूकंपांना ‘नॅन’, म्हणजे उत्तर हा आकडाच नाही.

इथे माणूस डेटाच्या मागे लागतो. आम्हीही लागलो. दुसऱ्या भूकंपाच्या नोंदीत काही वावगे आहे का, ओळींचे शेवट विंडोजचे तर नाहीत, स्तंभ सरकले आहेत का. मग तिनेच सुचवले, “दुसरा भूकंप फाइलमध्ये पहिला लावून बघू का?” लावला. आता तो बरोबर आला आणि मूळचा पहिला चुकला. या एका प्रयोगाने निम्मे काम झाले. डेटा निर्दोष होता. दोष क्रमात होता: प्रोग्राम पहिल्या खेपेला शहाणा असतो आणि दुसऱ्या खेपेला काहीतरी विसरतो.

ऑप्टिमायझेशन काढून ‘ओ-शून्य’वर कंपाइल केले. गंमत म्हणजे आता पहिले सहा बरोबर आले, सातवा चुकला. सहाव्या भूकंपात एस लहरींच्या (मागून पोचणाऱ्या, हळू लहरींच्या) नोंदी होत्या, त्याआधीच्या कोणत्याच भूकंपात नव्हत्या. पण चुकत होता तो सहावा नाही, त्याच्या मागचा. हे विचित्र वाटते, पण नीट पाहिले तर हाच पुरावा होता.

ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की उत्तर बदलते तेव्हा ‘कंपायलरमध्ये बग आहे’ असे म्हणायचा मोह होतो. माझ्या अनुभवात शंभरातल्या नव्याण्णव वेळा बग आपल्याच कोडमध्ये असतो आणि बहुतेकदा तो एकाच जातीचा: किंमत न भरलेले व्हेरिएबल. शोधायला दोन हत्यारे आहेत. मेमरीतल्या चुका पकडणारा वॅलग्रिंड दाखवतो, पण जुन्या फोर्ट्रानवर तो इतकी बडबड करतो की वाचवत नाही. दुसरा उपाय जीफोर्ट्रानचाच: ‘एफ-इनिट-रीअल’ला ‘एसनॅन’ द्या आणि ‘एफ-एफपीई-ट्रॅप’ला ‘इनव्हॅलिड’. पहिल्याने प्रत्येक स्थानिक दशांश व्हेरिएबलमध्ये, सबरूटीनमध्ये शिरतानाच, एक विषारी किंमत भरली जाते. दुसऱ्याने ती किंमत कोणत्याही गणितात वापरली की प्रोग्राम जागच्या जागी पडतो. सोबत ‘जी’ फ्लॅग आणि ‘एफ-बॅकट्रेस’ असले की ओळ क्रमांकही मिळतो.

मिळाला. दुसऱ्या भूकंपाच्या सुरुवातीला, केंद्रांचे अक्षांश-रेखांश किलोमीटरमध्ये बदलणाऱ्या सबरूटीनमध्ये.

हे सबरूटीन प्रत्येक भूकंपासाठी एकदा चालते. एका अंशाचे किती किलोमीटर होतात ते पृथ्वीच्या चपटेपणानुसार काढायचे तर तीन स्थिरांक लागतात. ते दर वेळी मोजत बसायला नको म्हणून लेखकाने ‘फर्स्ट’ नावाचे एक तार्किक व्हेरिएबल ठेवले होते. डेटा ओळीने त्याची किंमत ‘ट्रू’. ‘फर्स्ट’ खरे असेल तर तीन स्थिरांक मोजा आणि ‘फर्स्ट’ला ‘फॉल्स’ करा. दुसऱ्या खेपेपासून मोजणी वगळा, आधीचेच स्थिरांक वापरा.

आधीचे म्हणजे कुठले? खोच इथे आहे. ज्या व्हेरिएबलला डेटा ओळीने किंमत दिली ते फोर्ट्रानमध्ये आपोआप जपले जाते. म्हणून सबरूटीनमधून बाहेर पडून परत आल्यावर ‘फर्स्ट’ला आठवते की आपण आता ‘फॉल्स’ आहोत. त्या तीन स्थिरांकांना मात्र असा आधार नाही. त्यांच्यासाठी ‘सेव्ह’ लिहायला हवे होते आणि ते लिहिलेले नव्हते. म्हणजे ‘मी मोजले’ एवढे लक्षात राहते आणि काय मोजले ते विसरले जाते. दुसऱ्या खेपेला त्या जागी स्टॅकवर (सबरूटीनच्या तात्पुरत्या मेमरीत) जे काही पडलेले असेल ते स्थिरांक म्हणून वापरले जाते. ‘ओ-शून्य’वर ती जागा योगायोगाने कोणी वापरत नव्हते, म्हणून जुन्या किमती टिकून राहिल्या. सहाव्या भूकंपात एस लहरींचे सबरूटीन पहिल्यांदा चालले, त्याने स्टॅकवर खोलवर पाय पसरले आणि ती जागा तुडवली. सहाव्याचे स्थिरांक तोवर वापरून झाले होते. फटका सातव्याला बसला.

मग मला ती पुसलेली ओळ आठवली. ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ या फ्लॅगचा अर्थच हा: प्रत्येक सबरूटीनमध्ये ‘सेव्ह’ लिहिले आहे असे समज. आणि ‘एफ-इनिट-लोकल-झीरो’ म्हणजे किंमत नसलेल्या जागी शून्य भर. हे दोन्ही फ्लॅग जीफोर्ट्रान आजही ओळखतो. ओळखत नव्हता तो फक्त चौथा. त्या एकासाठी मी चारही फेकले होते.

दोन्ही फ्लॅग परत लावले. शिवाय त्या सबरूटीनमध्ये ‘सेव्ह’ लिहिले, कारण उद्या कोणी हा कोड ‘ओपन-एमपी’ने समांतर चालवायला गेला तर नो-ऑटोमॅटिकच्या जिवावर राहता येणार नाही: सगळे थ्रेड एकाच जागेवर लिहू लागतील. विषारी किमतीची चाचणी फ्लॅग न लावता पुन्हा चालवत राहिलो, तेव्हा असाच प्रकार आणखी तीन सबरूटीनमध्ये निघाला. नो-ऑटोमॅटिक लावून ही चाचणी करण्यात अर्थ नाही. जपलेल्या व्हेरिएबलमध्ये विष एकदाच भरले जाते आणि पहिल्या खेपेला निघूनही जाते.

एकशे अठ्ठाविसावा भाग

आता दहा भूकंप जागेवर आले. उरले दोन, तिसरा आणि अकरावा. चूक मोठी नव्हती, काही शे मीटर. असल्या चुका जास्त धोक्याच्या, कारण त्या पटतात. साक्षीदार बायनरी नसती तर आम्ही ‘राउंडिंग’ म्हणून मोकळे झालो असतो.

दोघांत समान काय? दोन्हींत खोली पक्की धरलेली होती. खोली पक्की असली की ठिकाण सरकवणाऱ्या सबरूटीनला डॅम्पिंग (पाऊल आवरणारा आकडा) शून्य द्यायचे, असे कोडमध्ये होते. आत शिरल्यावर डॅम्पिंगची किंमत छापून पाहिली. शून्य नव्हती. ०.००७८१२५ होती.

असा गोळीबंद आकडा कचऱ्यात सहसा सापडत नाही. हा नेमका १ भागिले १२८ आहे, दोनचा उणे सातवा घात. तेव्हा ती एकतीस वॉर्निंगची फाइल अखेर उघडली आणि अठराव्या ओळीवर उत्तर सापडले: या सबरूटीनला एका ठिकाणी रीअल-८ (आठ बाइटचा दशांश) दिलेय, दुसऱ्या ठिकाणी रीअल-४ (चार बाइटचा). कोडमध्ये ‘०.०’ असे लिहिले होते. फोर्ट्रानमध्ये ‘०.०’ चार बाइटचे असते, आठ बाइटचे हवे तर ‘०.डी०’ लिहावे लागते. सबरूटीन मात्र त्या पत्त्यावरून आठ बाइट वाचणार. पहिले चार बाइट शून्याचे आणि पुढचे चार शेजारच्या स्थिरांकाचे. शेजारी होता १.०. चार बाइटच्या १.० चे हेक्स ३एफ८००००० असे असते. तेच बिट आठ बाइटच्या आकड्याच्या वरच्या अर्ध्यात बसवले की होतात बरोबर ०.००७८१२५. जुन्या बायनरीत जीडीबीने तोच पत्ता पाहिला: तिथे शून्याच्या शेजारीही शून्यच होते. वीस वर्षे ही चूक त्या शेजारधर्मावर निभावली.

आणि तो चौथा फ्लॅग, ‘एफ-नो-ग्लोबल्स’? जी७७ मध्ये त्याचे काम नेमके हेच होते: सबरूटीनला निरनिराळ्या जातीचे आर्ग्युमेंट (आत पाठवायच्या किमती) दिल्याच्या तक्रारी बंद करणे. लेखकाने कंपायलरचे तोंड बंद केले होते. मीही नव्या नावाच्या फ्लॅगने तेच केले.

मग उरलेल्या तीस वॉर्निंग एकेक करून वाचल्या. सत्तावीस निरुपद्रवी: जागा वाचवण्यासाठी एकच ॲरे कधी पूर्णांकांसाठी, कधी दशांशांसाठी वापरलेला, जुन्या काळची काटकसर. तीन ठिकाणी ॲरेच्या जागी एकटा आकडा दिलेला. तिथे एकच घटक वाचला जात होता, म्हणून चालून गेले. पण ही यादी पुरी नसते हे ध्यानात ठेवावे. हा फ्लॅग लावला की दर आर्ग्युमेंटमागे एकदाच वॉर्निंग मिळते. एक चूक सुधारल्याशिवाय तिच्यामागची दिसत नाही. शिवाय कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. म्हणून फोर्ट्रानच्या सगळ्या फाइली ‘कॅट’ने एकत्र जोडल्या आणि ती एकच मोठी फाइल नुसत्या सिंटॅक्स तपासणीसाठी दिली. आणखी दोन रीअल-४, रीअल-८ च्या जोड्या निघाल्या, दोन्ही क्वचित चालणाऱ्या वाटांवर.

शेवटचा अंक

बारापैकी अकरा तंतोतंत जुळले. जागेवर वाटलेला नववा भूकंप शेवटच्या अंकावर अडला: खोली अपेक्षित ८.३ किलोमीटर, आमची ८.२. जुन्या बायनरीने सात फेऱ्या घेतल्या होत्या, नवीने आठ.

या वेळी राउंडिंगचा संशय होता, पण दोनदा तोंडघशी पडल्यावर संशयावर भागवायची इच्छा नव्हती. ‘एम-एफपीमॅथ’ला ‘३८७’ देऊन तोच कोड कंपाइल केला. बाराही जुळले. प्रश्न सुटला, म्हणजे निदान समजला. ३२ बिट यंत्रांवर जीसीसी दशांशांचे गणित प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ या भागाच्या ८० बिट रजिस्टरांत करायचा; चार बाइटच्या आकड्यांचेही मधले टप्पे तिथे जास्त अंकांनिशी चालायचे आणि मेमरीत परत लिहितानाच कापले जायचे. ६४ बिटमध्ये हेच गणित एसएसई या नव्या भागावर होते आणि चार बाइटच्या आकड्यात दर टप्प्याला साधारण सात अंकांवर काट बसते. नवव्या भूकंपात सातव्या फेरीनंतरचे पाऊल थांबण्याच्या मर्यादेला अगदी चिकटून होते. जुन्या गणितात ते मर्यादेच्या आत पडले, नव्यात केसभर बाहेर.

“मग सर, बरोबर कुठलं धरायचं?”

एक्स८७ चे उत्तर जास्त अंक वापरून आलेले, तेव्हा तेच धरावे असे वाटते. पण त्याचा भरवसा नाही: कोणता टप्पा रजिस्टरात राहील आणि कोणता मेमरीत जाईल हे ऑप्टिमायझेशनवर अवलंबून असते, म्हणून फ्लॅग बदलला की उत्तर हलते. जीसीसीच्या बगयादीतली ३२३ क्रमांकाची प्रसिद्ध तक्रार याच दुखण्याची. ‘एफ-डिफॉल्ट-रीअल-८’ देऊन सगळेच आकडे आठ बाइटचे करावेत असेही तिने सुचवले. साध्या कोडमध्ये चालले असते. इथे सीची फंक्शने चार बाइट अपेक्षून बसलेली, वेगाच्या मॉडेलची बायनरी फाइल चार बाइटच्या आकड्यांची आणि कॉमन ब्लॉकमध्ये (अनेक सबरूटीनच्या सामाईक मेमरीत) पूर्णांक-दशांश एकाच जागेवर चढवलेले. त्या फ्लॅगने तिन्ही गोष्टी मोडल्या असत्या, त्यातल्या दोन न बोलता.

प्रोग्राम स्वतःच खोलीपुढे अनिश्चितता छापतो. नवव्या भूकंपासाठी ती होती १.८ किलोमीटर, दोन्ही बायनरींत. आम्ही एसएसईचीच ठेवली.

मग ६० चे १४० केले. हे पाच मिनिटांचे काम वाटले होते, पण तो आकडा एका जागी नव्हता, सात फाइलींत वेगवेगळा लिहिलेला होता. आणि एका फाइलमध्ये ६१, का ते देवाला ठाऊक. ‘६०’ शोधून बदलताना ती फाइल सुटली. कॅटने जोडलेली मोठी फाइल पुन्हा सिंटॅक्स तपासणीला दिली, तेव्हा कॉमन ब्लॉकचा आकार दोन ठिकाणी वेगळा असल्याची वॉर्निंग आली आणि ती सापडली. सगळ्या ठिकाणी एकच पॅरामीटर इन्क्लूड केला.

मेकफाइलमध्ये आता फ्लॅगच्या दोन ओळी आहेत. वरची २००३ ची, जशीच्या तशी, कॉमेंट करून. खालची आमची, आणि प्रत्येक फ्लॅगपुढे तो कोणत्या सबरूटीनसाठी लागतो ते. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये तिने एक भर घातली आहे: बारा भूकंप सरळ क्रमाने चालवायचे, मग उलट क्रमाने, आणि दोन्ही उत्तरे ताडून बघायची. जुनी ३२ बिट बायनरी तिच्या लायब्ररीसकट वेगळ्या फोल्डरात ठेवली आहे. तिने विचारले होते, काढून टाकू का. म्हटले, राहू दे.